किलोवर वेचणी, नगावर पार्सल

कापसाची वेचणी ऐन भरात आली की बाभुळगाव तालुक्यातली गावे दुपारी रिकामी होतात. घरांना कड्या लागलेल्या असतात, ओट्यावर एखादी म्हातारी नातवंड सांभाळत बसलेली असते. अशा वेळी घारफळच्या किंवा सावरच्या रस्त्याने पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला एक पोरगा मोटारसायकलवर येतो. गाडी थांबवतो, मोबाईलमध्ये नाव बघतो, फोन लावतो. पलीकडून उत्तर येते, "मी वावरात हावो ना भाऊ, उद्या आनजो." तो पार्सल पुन्हा पिशवीत घालतो, ग्राहक घरी नसल्याची नोंद करतो आणि पुढच्या गावाला लागतो. पेट्रोल जळाले, वेळ गेला, मजुरी मात्र शून्य. कारण मजुरी पोचलेल्या नगाची मिळते, केलेल्या फेरीची मिळत नाही.

फोनवर बोललेली ती बाई त्या क्षणी ओटीत कापूस वेचत असते. संध्याकाळी तो काट्यावर तोलला जाईल आणि किलोमागे ठरलेला दर तिच्या हातात पडेल. पहिल्या-दुसऱ्या वेचणीला बोंडे भरलेली असली की दिवस बरा जातो. फरदडीचा विरळ कापूस असला की दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही. झाडाला कापूस किती लागला हे तिच्या हातात नसते, पण त्याचा तोटा तिच्याच मजुरीतून वजा होतो. ग्राहक घरी आहे की नाही हे त्या पोराच्या हातात नसते, आणि त्याचाही तोटा त्याच्याच मजुरीतून जातो. धंदे दोन, हिशेबाची रीत एक. या लेखात मला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ या एका रीतीत आहे.

पार्सल पोचवण्याच्या धंद्यातल्या नोकऱ्यांचे काय झाले, याविषयी आपल्याकडे एक मत घट्ट बसले आहे. चहाच्या टपरीवर ते ऐकू येते आणि शिकलेल्यांच्या चर्चेतही. त्या मताचे चार भाग आहेत. पहिला: मोबाईल आणि यंत्रे आली, त्यामुळे टपालातल्या आणि जुन्या कुरिअरमधल्या पगारी नोकऱ्या जाणारच होत्या, हा काळाचा महिमा आहे, यात दोष कोणाचाच नाही. दुसरा: जेवढ्या नोकऱ्या गेल्या त्याच्या कितीतरी पट कामे ऑनलाइन खरेदीने दिली. तिसरा: हे काम करणारा पोरगा कोणाचा चाकर नाही, स्वतःच्या मर्जीचा मालक आहे. चौथा: त्याला कामगाराचे हक्क द्यायला गेलात तर खर्च वाढेल आणि कंपन्या बाभुळगावसारख्या गावांकडे पाठ फिरवतील.

हे मत मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नाही आणि त्यांच्या बोलण्यात तथ्याचा अंशही आहे. म्हणूनच ते नीट तपासायला हवे. माझे म्हणणे असे की या धंद्यात काम घटलेले नाही, नोकरी घटली आहे. आणि ती यंत्राने घटवलेली नाही, कराराच्या रीतीने घटवली आहे. काळाचा महिमा बदलता येत नाही. करार बदलता येतो.

आधी जे मान्य करायला हवे ते मान्य करतो. काही कामे तंत्रामुळे खरोखरच संपली. आपल्या देशातली तारसेवा 14 जुलै 2013 च्या रात्री बंद झाली, कारण निरोप पाठवायला तारेची गरजच उरली नव्हती. रेल्वेच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे खणाखणात टाकणाऱ्या रेल्वे मेल सर्व्हिसच्या माणसांचे कामही यंत्रांनी आणि बदललेल्या वाहतुकीने आटवले. डेन्मार्कमध्ये तर 2025 च्या अखेरीस सरकारी टपाल कंपनीने पत्रे वाटणेच थांबवले. चारशे वर्षांची परंपरा संपली आणि त्यापायी 1500 पदे कमी करण्याचे कंपनीने जाहीर केले. तिथे पत्रांची संख्या 2000 सालापासून नव्वद टक्क्यांनी घसरली होती. जिथे मागणीच आटते तिथे नोकरी जाते, आणि त्याला कोणी इलाज करू शकत नाही.

पण पार्सलची मागणी कुठे आटली? पत्र आटले तसे पार्सल फुगले. डेन्मार्कच्या त्याच कंपनीने पत्रे सोडली ती पार्सलकडे लक्ष देण्यासाठी. आपल्या तालुक्यात आज स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतात, फवारणी पंपाचे सुटे भाग येतात, साड्या येतात, साखरेच्या तपासणीच्या पट्ट्या येतात. यातल्या बऱ्याचशा वस्तू पूर्वी यवतमाळला किंवा नागपूरला गेल्याशिवाय मिळत नसत. ही सोय मोठी आहे आणि तिचे मोल मी कमी करणार नाही. पण ज्या धंद्यात काम रोज वाढते आहे, त्या धंद्यात 'यंत्राने काम खाल्ले' हे कारण लागू कसे पडते?

यंत्र पार्सल कुठवर आणते, तेही पाहू. 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी. एकाच नावाची अनेक गावे, नाना भाषा, नाना लिप्या, या गोंधळातून त्यांनी सहा आकड्यांची वाट काढली. आज मोठ्या शहरातले छाननीचे यंत्र पार्सलवरचा तो आकडा वाचते आणि ते योग्य गाडीत ढकलते. इथवर यंत्राचे राज्य. पण तालुक्याच्या गावी पिशवी उघडली की पत्ता असतो तो 'मारुतीच्या देवळामागे', 'शाळेजवळ', 'अमक्याच्या घरापाशी'. विदर्भात एका नावाची गावे इतकी की ओळखीसाठी शेजारच्या गावाचे नाव कंसात लिहावे लागते. 2025 च्या मे महिन्यात टपालखात्याने डिजिपिन आणला. देशाची सारी भूमी सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा अक्षरांचा पत्ता दिला. काम उत्तम आहे. पण डिजिपिन घर सांगेल, घरातली बाई वावरात गेली आहे हे सांगणार नाही. ती केव्हा परतते, पार्सल शेजारी कोणाकडे ठेवलेले तिला चालेल, पैसे आज देईल की आठवडी बाजारानंतर, हे ज्ञान त्या पोराच्या डोक्यात असते. शेवटचा कोस माणसाशिवाय सरत नाही, आणि खेड्यात तर मुळीच नाही.

मग नोकरी गेली कशाने? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतल्या दोन कंपन्यांच्या तुलनेत मिळते. यूपीएस आणि फेडएक्स. दोघींकडे तशाच मोटारी, तशीच बारकोड वाचणारी यंत्रे, तेच रस्ते, तीच गिऱ्हाइके. यूपीएसचे वाहनचालक कंपनीचे पगारी कामगार आणि टीमस्टर्स या संघटनेचे सभासद. फेडएक्सच्या ग्राउंड विभागाने मात्र आपले चालक 'स्वतंत्र ठेकेदार' ठरवले. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, दुरुस्ती त्यांची. 2014 साली तिथल्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या चालकांबाबत निकाल दिला की गणवेश तुम्ही ठरवता, गाडीचे रूप तुम्ही ठरवता, कामाचा दिवस तुम्ही ठरवता, तेव्हा हे तुमचे कामगारच आहेत. पुढच्या वर्षी कंपनीने 22 कोटी 80 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आता विचार करा. यंत्र जर नोकरीचे रूप ठरवत असते तर या दोन कंपन्यांत एकच रूप दिसले असते. यंत्र एकच होते, करार दोन होते, आणि माणसाचे नशीब कराराने ठरले.

आपल्या घरचा दाखला याहून जुना आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वस्तू दारात यावी आणि पैसे दारातच द्यावेत, ही मोबाईलची देणगी नाही. आपल्या टपालखात्याने ही सोय व्ही.पी. या नावाने 1877 साली सुरू केली. मनिऑर्डर 1880 साली. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे धावू लागण्यापूर्वी यवतमाळला रेल्वे नव्हती. मुंबई-नागपूर मार्गावरचे धामणगाव हे जवळचे स्टेशन, आणि तिथून यवतमाळकडे येणारा रस्ता बाभुळगाववरून. पुस्तके, औषधे, पुढे दिवाळी अंक, सारे व्ही.पी.ने येई. पोस्टमन पैसे मोजून घेई, पावतीवर सही किंवा अंगठा घेई.

ही वस्तू गावात पोचवणारा माणूस कोण होता? बहुतेक वेळा तो खात्याचा पूर्ण नोकर नव्हता. इंग्रजी अमदानीपासून खेड्यातले टपाल 'खात्याबाहेरचे' म्हणून नेमलेल्या माणसांवर चालले आहे. आज त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. देशात टपाल कार्यालये दीड लाखाहून अधिक, त्यांतली दहातली नऊ ग्रामीण, आणि ती चालवणारे हे सेवक अडीच लाखांहून जास्त. त्यांचे काम चार-पाच तासांचे धरले जाते. त्यांना पगार मिळत नाही, वेळेशी जोडलेला भत्ता मिळतो. उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे अशी अट असते. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की ही माणसे नागरी पदच धारण करतात, त्यांना मनमानीने काढता येणार नाही. तरीही खात्याच्या नियमित नोकरासारखा पगार आणि निवृत्तिवेतन त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या भत्त्यासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी लागू व्हाव्यात म्हणून 2018 च्या मे-जून महिन्यांत त्यांना सोळा दिवस संप करावा लागला. त्यानंतर जो भत्ता ठरला तो चार तास काम करणाऱ्या सेवकाला मूळ 10,000 रुपये आणि शाखा डाकपालाला 12,000 रुपये, वर महागाईचा वाटा.

म्हणजे अर्धवेळ, जोडधंद्याच्या आधारावर, नोकरीच्या उंबरठ्याबाहेर ठेवलेला माणूस ही मोबाईलने आणलेली गोष्ट नाही. ती सायकलच्या आणि लाखेच्या मोहरेच्या काळापासून चालत आलेली आहे, आणि ती आणणारे कोणतेही यंत्र नव्हते, सरकारचा एक नियम होता. खाजगी कंपन्यांनी तोच साचा उचलला आणि त्यातून भत्त्याची हमी आणि पदाचे संरक्षण एवढे दोन टाके उसवले. त्या मताचा पहिला भाग, म्हणजे पहिला आक्षेप, इथे संपतो.

दुसऱ्या आक्षेपाकडे येऊ: कामे वाढली. वाढली, यात शंका नाही. नीती आयोगाच्या 2022 सालच्या अहवालाने 2020-21 मध्ये अशा प्रकारे काम करणारे 77 लाख लोक मोजले आणि 2029-30 पर्यंत हा आकडा 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज केला. पण ही डोक्यांची मोजदाद आहे, पोटाची नाही. हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतो. समजा नगामागे 15 रुपये मिळतात आणि सकाळी 40 नग पिशवीत भरले. वेचणीच्या दिवसांत त्यातले 30 पोचले, 10 परत आले. मिळाले 450 रुपये. गावोगाव फिरण्यात 70 किलोमीटर झाले, दीड लिटर पेट्रोल लागले, त्याचे दीडशेच्या वर गेले. उरले तीनशेच्या आत. त्यातून टायर, ऑइल, गाडीचा हप्ता आणि मोबाईलचे रिचार्ज वजा करा. 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. त्यात मजुराला मोटारसायकल स्वतःची आणावी लागत नाही.

रोजगार हमीची आठवण मी मुद्दाम काढली. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली ती योजना महाराष्ट्राने देशाला दिली, आणि 'काम मागणाऱ्याला काम' एवढ्यावर न थांबता 'ठरल्या दराने काम' हे तत्त्व तिने रुजवले. कामाची मोजदाद करताना दर विसरायचा नाही, हे आपल्याला 1970 च्या दशकात कळले होते. आज नुसते डोक्यांचे आकडे पाहून समाधान मानणे म्हणजे त्या शहाणपणापासून मागे सरकणे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे आणि म्हणून सर्वांत जास्त फसवा: पोरगा स्वतःचा मालक आहे. मालक कोणाला म्हणावे याच्या कसोट्या आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नकोत. दर कोण ठरवतो? कंपनी. कोणते नग घ्यायचे, कोणते नाकारायचे? पोराला निवड नाही. चार वेळा नाकारले तर आयडी बंद होण्याची भीती. गिऱ्हाइकाकडून घेतलेली रोकड रात्री भरताना दोनशे रुपये कमी निघाले तर ते कोणाच्या खिशातून जातात? पोराच्या. भिजून खराब झालेल्या पार्सलची भरपाई? अनेकदा तीही त्याच्याकडून. दर दुसऱ्याने ठरवायचा आणि जोखीम आपण घ्यायची, याला मालकी म्हणत नाहीत. कापूस पिकवणारा स्वतःच्या वावराचा मालक असतो आणि भाव मात्र त्याच्या हातात नसतो. अशा मालकीची किंमत यवतमाळ जिल्ह्याने किती घरांत मोजली आहे हे इथल्या कोणाला सांगावे लागत नाही. तीच मालकी आता आपण त्याच्या मुलाच्या पाठीवर पिशवीबरोबर देतो आहोत, आणि तिला स्वातंत्र्य म्हणतो आहोत.

खरी मालकी कशी असते तेही महाराष्ट्राने दाखवले आहे. मुंबईचे डबेवाले 1890 पासून दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याच्या दारी पोचवत आले. तिथे डबा वाहणारा हा टोळीचा भागीदार असतो; कमाई आपसात वाटून घेतली जाते आणि नियम त्यांनीच केलेले असतात. महामारीत कचेऱ्या बंद पडल्या तेव्हा त्यांचेही काम गेले, कारण मागणीच गेली. पण काम असेपर्यंत ते खऱ्या अर्थाने मालक होते. कोणाला भागीदार म्हणायचेच असेल तर त्यांना म्हणावे.

आता चौथा आक्षेप, ज्यापुढे भलेभले गप्प होतात: हक्क दिले तर सेवा जाईल. याला भावनेने नाही, आकड्यानेच उत्तर द्यायला हवे. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 साली संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिने अशा कामगाराला कायद्यात पहिल्यांदा नाव दिले. मालवाहतूक आणि ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी असे तीत आहे, आणि त्यालाही मर्यादा घातली आहे: कामगारांना जेवढे पैसे दिले जातात त्याच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही. वरच्या हिशेबातल्या 15 रुपयांचे पाच टक्के म्हणजे 75 पैसे. एका पार्सलमागे जास्तीत जास्त 75 पैसे. यासाठी कोणती कंपनी बाभुळगावचे गिऱ्हाईक सोडून जाईल? उलट विचारायला हवे ते हे की एवढ्या 75 पैशांत अपघात, आजारपण आणि म्हातारपण या तिन्हींची सोय होईल का.

दूरच्या गावाचा खर्च जवळच्या गावाने उचलायचा, हे तत्त्वही नवे नाही. 1854 साली आपल्याकडे अंतर न बघता पत्राला सरसकट अर्धा आणा दर ठरला. मुंबईतले पत्र मुंबईत जावो की वऱ्हाडात, दर एकच. शहरातल्या हजारो पत्रांनी खेड्यातल्या एका पत्राचा भार वाहिला, आणि म्हणून खेड्यात पोस्टमन आला. डाक सेवकाच्या पोटाला चिमटा बसला तो सरकारच्या नियमाने; सेवा टिकवायला तो काढावाच लागतो असे नाही.

इथे एक चांगला प्रतिपक्षी मला थांबवील आणि म्हणेल, मघाशी तुम्ही यूपीएसचे गुण गायलात. तिचे आज काय झाले बघा. प्रश्न रास्त आहे. 1997 साली त्या कंपनीच्या 1,85,000 कामगारांनी अर्धवेळ कामाविरुद्ध संप करून 10,000 पूर्णवेळ नोकऱ्या मिळवल्या. 2023 साली त्यांनी उत्तम करार मिळवला. आणि 2025 च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने वर्षभरात 48,000 नोकऱ्या कमी केल्याचे सांगितले. चांगला पगार मागितला म्हणून नोकरी गेली, असा अर्थ यातून काढला जातो.

पण ती पार्सले गेली कुठे? कंपनीने आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचे, म्हणजे अॅमेझॉनचे काम निम्म्याहून अधिक कमी करायचे ठरवले, आणि अॅमेझॉनने 2018 पासून स्वतःच्या वितरणाची वेगळी साखळी उभी केली होती. त्या साखळीत चालकाच्या अंगावर गणवेश अॅमेझॉनचा, गाडीवर नाव अॅमेझॉनचे, आणि नोकरी मात्र एखाद्या छोट्या ठेकेदाराची. इमारतींत यंत्रेही वाढली, हे खरे. पण मोठा लोंढा यंत्राकडे गेला नाही, स्वस्त कराराकडे गेला. यातून धडा हा निघतो की एकाच कंपनीपुरते हक्क टिकत नाहीत. हक्क साऱ्या धंद्याला सारखे लागले पाहिजेत, म्हणजे ठेकेदाराच्या आडून स्वस्ताई करण्याचा मार्गच उरणार नाही.

आणि साऱ्या धंद्याला सारखे हक्क लावण्याची युक्ती महाराष्ट्राने 1969 साली शोधली आहे. मुंबईच्या बाजारांत माथ्यावर ओझे वाहणारा माथाडी सकाळी एका पेढीचा, दुपारी दुसरीचा, संध्याकाळी तिसरीचा माल वाही. याला मालक कोण, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि मालक ठरत नाही म्हणून हक्क नाहीत असे उत्तर तेव्हाही तयार होते. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केले. त्यातून जो माथाडी कायदा झाला त्याने प्रश्नच फिरवला. एक मालक शोधत बसण्याऐवजी मंडळ नेमले. कामगाराची नोंद मंडळात, माल वाहून घेणाऱ्या प्रत्येक पेढीचीही नोंद मंडळात. मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी, बोनस. व्यापाऱ्यांनी विरोध केला, काही न्यायालयातही गेले. बाजार बंद पडले नाहीत.

या मंडळांत पुढे दोष शिरले. खोट्या माथाडींच्या नावाने खंडणी उकळल्याच्या तक्रारी झाल्या, त्यावर उपायही करावे लागले. विहिरीत गाळ साचला तर गाळ उपसावा, विहीर बुजवू नये. राजस्थानने 2023 साली आणि कर्नाटकाने 2025 साली अशा कामगारांसाठी कायदे केले. मंडळ, नोंदणी आणि व्यवहारामागे शुल्क, ही त्यांची रचना आपल्या माथाडी मंडळाच्याच वळणाची आहे. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली त्याने यात मागे राहावे, हे मला पटत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट करतो. एक, मजुरी फेरीची द्यावी. ग्राहक घरी नव्हता हा पोराचा अपराध नाही. पोचलेल्या नगाला पूर्ण दर आणि गेलेल्या फेरीला किमान अर्धा दर मिळालाच पाहिजे. दोन, सकाळी पिशवी उचलल्यापासून रात्री रोकड भरेपर्यंत झालेल्या प्रत्येक अपघाताची भरपाई कंपनीने करावी, आणि मधल्या ठेकेदाराचे नाव पुढे करून तिला अंग काढून घेता येऊ नये. तीन, लेखी कारण दिल्याशिवाय आणि म्हणणे ऐकल्याशिवाय कोणाचा आयडी बंद होऊ नये. चार, राज्याने माथाडीच्या धर्तीवर पार्सल कामगारांचे मंडळ स्थापन करावे आणि त्याची नोंदणी जिल्ह्याच्या नव्हे, तालुक्याच्या गावी करावी, म्हणजे बाभुळगावच्या पोराला एका सहीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागणार नाही. पाच, ग्रामीण डाक सेवकाला पूर्ण दिवसाचे काम आणि पूर्ण पगार द्यावा. गावात त्याचे टपाल कार्यालय आहे, त्याला घरन् घर माहीत आहे. खाजगी कंपन्यांची न पोचलेली पार्सले दर आकारून त्याच्याकडे ठेवली तर वावरातून परतलेली बाई संध्याकाळी ती घेऊन जाईल, पोराची दुसरी फेरी वाचेल आणि सेवकाचे अर्धे काम पुरे होईल.

यातली कोणतीही गोष्ट यंत्राला विरोध करत नाही. मोबाईल राहो, डिजिपिन येवो, छाननीची यंत्रे आणखी वेगाने चालोत. फक्त त्यांच्यामुळे वाचलेल्या पैशाचा वाटा शेवटचा कोस तुडवणाऱ्यापर्यंत पोचो.

वाचकहो, पुढच्या वेळी पार्सल घेताना त्या पोराला पाणी विचाराच, पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: आज फेऱ्या किती झाल्या आणि पैसे किती फेऱ्यांचे मिळणार? त्याचे उत्तर ऐका आणि मग ठरवा, त्याची नोकरी मोबाईलने खाल्ली की आपण सगळ्यांनी मुकाट मान्य केलेल्या एका कराराने. 1969 साली या राज्याने माथ्यावरच्या पोत्याला कायदा लावला. आज पोत्याच्या जागी पिशवी आहे. तिला तोच कायदा लागला पाहिजे.